एकच तिकीट सांगून दोन विकली

आईचा हा पहिलाच लांबचा विमानप्रवास. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे धरलेले. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, त्यामुळे तारीख पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. थेट विमान नव्हतं, मध्ये एकदा बदलावं लागणार होतं. त्यात आपल्या हातून काही चुकू नये, एवढ्यासाठीच मी स्वतः ऑनलाइन बुकिंग न करता एजंटकडे गेले. पहिल्याच फोनवर मी माझी अट सांगितली. सगळा प्रवास एका तिकिटावर हवा, सामान शेवटच्या विमानतळापर्यंत थेट जायला हवं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर पुढची सोय विमान कंपनीने करायला हवी.

"मॅडम, दोन्ही पार्टनर एअरलाइन्स आहेत. एकच तिकीट समजा," तो म्हणाला.

त्यातला "समजा" तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. आज तोच एक शब्द आठवतो.

बिलात त्याने "कनेक्शन प्रोटेक्शन" म्हणून वेगळी रक्कम लावली होती. ती मी आनंदाने दिली, कारण मला हवं होतं तेच मी विकत घेतेय असं वाटलं. कार्डाने दिले तर वर चार्ज लागेल म्हणाला, म्हणून पैसे खात्यातून ट्रान्सफर केले. दोन तासांत व्हॉट्सॲपवर एक सुबक पीडीएफ आली. वर त्याच्या ऑफिसचा लोगो, खाली चारही विमानं ओळीने, जातानाची दोन आणि येतानाची दोन. शेवटी "कन्फर्म्ड" असं हिरव्या अक्षरांत.

त्यात पीएनआर मात्र दोन होते. मी विचारलं, एकच तिकीट आहे तर दोन पीएनआर कसे? तो म्हणाला, "प्रत्येक एअरलाइनचा पीएनआर वेगळाच असतो, मॅडम." हे अर्धसत्य होतं, आणि म्हणूनच मी फसले. एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असली तरी प्रत्येक कंपनीच्या सिस्टिममध्ये आपला स्वतंत्र सहा अक्षरी पीएनआर असू शकतो, हे अगदी खरं आहे. पण पीएनआर म्हणजे फक्त बुकिंगची नोंद. तिकीट म्हणजे १३ आकडी नंबर, आणि तो नंबर त्या पीडीएफवर कुठेच नव्हता. तेव्हा मला तो शोधायचा असतो हेही माहीत नव्हतं.

निघताना काउंटरवरच्या मुलाने सामानाला टॅग लावला आणि थोडा थांबला. टॅगवर मधल्या विमानतळाचीच तीन अक्षरं होती. मी विचारलं तेव्हा त्याने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी माझी पीडीएफ पाहिली, पुढच्या प्रवासाचा व्हिसा पाहिला आणि म्हणाले, आमच्याकडे इथपर्यंतच दिसतंय, ट्रान्सफर डेस्कवर हा टॅग दाखवा, ते बघतील. मागे रांग वाढत होती, व्हीलचेअरवर बसलेली आई माझ्याकडे बघत होती. मी टॅगची पावती पर्समध्ये टाकली आणि पुढे गेले. तिथेच हट्ट धरून उभी राहायला हवी होते.

विमान सत्तर मिनिटं उशिरा उतरलं. मी तरी शांत होते, कारण "प्रोटेक्शन" घेतलं होतं.

ट्रान्सफर डेस्कवरच्या बाईंनी पीएनआर टाइप केला, स्क्रीन पाहिली, मग पासपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, तुमचा प्रवास इथे संपतो. मी पीडीएफ पुढे केली. त्या म्हणाल्या, यावर तिकीट नंबर नाही. मग त्यांनी आमच्या पहिल्या विमानाचा नंबर आपल्या सिस्टिममधून काढला, दुसऱ्या कंपनीच्या डेस्कला फोन लावला, आणि माझ्या बोर्डिंग पासच्या मागे दोन नंबर एकाखाली एक लिहिले. दोन्हींच्या पहिल्या तीन आकड्यांखाली पेनाने रेघ ओढली. ते आकडे वेगवेगळे होते. हे आमचं तिकीट, हे त्यांचं, त्यांनी मला सांगितलं, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

पुढचं ऐकून माझे पाय गळाले. दुसऱ्या विमानाची वेळ तीन आठवड्यांपूर्वीच पंचेचाळीस मिनिटं अलीकडे आली होती. तशी सूचना बुकिंगमधल्या ईमेलवर आणि फोनवर गेलेली होती. तो ईमेल आणि तो फोन दोन्ही एजंटचे होते. म्हणजे वेळ बदलल्याचं त्याला माहीत होतं. आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला "हॅपी जर्नी" लिहून पाठवलं होतं, तेव्हाही माहीत होतं. आम्ही गेटवर न पोचल्याने त्या कंपनीने आमची "नो-शो" नोंद केली होती. दुसरं तिकीट जाऊन-येऊन होतं, आणि तिकिटातलं एक विमान न कळवता चुकलं की पुढची उड्डाणंही सहसा रद्द होतात. आमचं परतीचं विमानही गेलं.

आमच्या बॅगा इमिग्रेशनच्या पलीकडच्या पट्ट्यावर फिरत होत्या. त्या देशाचा व्हिसा आमच्याकडे नव्हता, त्यामुळे पलीकडे जाता येत नव्हतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातल्याच एका बॅगेत होत्या. सामान थेट जाणार म्हणून मी त्या हातातल्या पिशवीत ठेवल्या नव्हत्या. व्हीलचेअरची मागणीही फक्त पहिल्या बुकिंगमध्ये होती. खुर्ची ढकलणारा माणूस आम्हाला डेस्कपाशी सोडून, खुर्ची घेऊन निघून गेला.

आई लोखंडी बाकावर पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "अगं, त्या माणसाला फोन लाव ना. सगळं बघतो म्हणाला होता." मी सात वेळा लावला. रिंग पूर्ण वाजायची. मेसेजवर निळ्या खुणा आल्या, आणि बऱ्याच वेळाने एक ओळ आली: "मॅडम, एअरलाइनशी बोला."

शेवटी नवी तिकिटं काढली. ऐन वेळची म्हणून मूळ भाड्याच्या अडीचपट पडली. सामान कर्मचाऱ्यांनी सहा तासांनी शोधून आणलं आणि नव्याने टॅग लावला. पुढचं विमान सतरा तासांनी होतं. आम्ही त्या बाकावर असतानाच बहिणीला मुलगी झाली. आईने नातीला पहिल्यांदा माझ्या फोनवर पाहिलं, विमानतळाच्या वायफायवर अडखळत आलेल्या फोटोत.

एजंटची सगळी मदार "पार्टनर" या एका शब्दावर होती, म्हणून त्याबद्दल लिहिते. विमान कंपन्यांचे मोठे गट तीन: स्टार अलायन्स १९९७ पासून, वनवर्ल्ड १९९९ पासून आणि स्कायटीम २००० पासून. गट बदलतातही. स्टार अलायन्सच्या पाच संस्थापकांपैकी एक असलेली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स २०२४ मध्ये स्कायटीममध्ये गेली. गटाबाहेरही भागीदारी असते. एमिरेट्स या तिन्हींपैकी कशातच नाही, तरी क्वांटासशी तिचा जुना करार आहे. कोडशेअर म्हणजे फ्लाइट नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं. इंटरलाइन म्हणजे एकमेकांची तिकिटं आणि सामान स्वीकारण्याचा करार. या सगळ्याचा प्रवाशाला खरा आधार मिळतो तो सगळी उड्डाणं एकाच तिकिटात असली तर. दोन वेगळी तिकिटं असली, की दोन्ही विमानांच्या शेपटीवर एकाच गटाचं चिन्ह असलं तरी पुढची कंपनी तुमची वाट बघायला बांधील नसते, आणि पहिली कंपनी सामान पुढे पाठवेलच असं नाही. काही कंपन्या काउंटरवर विनंती केली तर पाठवतात, काही एकाच गटात असूनही साफ नकार देतात.

उशिराबद्दल आम्हाला एक पैसाही मिळाला नाही, तेही यामुळेच. पहिल्या कंपनीच्या हिशेबी आम्ही मुक्कामाला फक्त सत्तर मिनिटं उशिरा पोचलो होतो. युरोपीय संघाचा उशिराच्या भरपाईबद्दलचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम जिथे लागू होतो, तिथेही एकाच बुकिंगमधल्या प्रवासात शेवटच्या मुक्कामी किती उशीर झाला ते धरतात. बुकिंगच दोन असली की ते गणित मोडतं. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलण्याचा किमान वेळ ठरलेला असतो, आणि एका तिकिटात त्यापेक्षा कमी वेळाची जोडणी सिस्टिम सहसा विकूच देत नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढली की अडवणारं कुणी नसतं. बदललेल्या वेळेनुसार, सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हटलं तर विमान वेळेवर येऊनही आमचं जमलं नसतं.

तुमच्यापैकी कुणी एजंटकडून असं बुकिंग करणार असेल, तर पैसे दिल्यावर त्याच दिवशी प्रत्येक प्रवाशाचा १३ आकडी तिकीट नंबर मागा. पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, लुफ्तांसा २२०, सिंगापूर एअरलाइन्स ६१८. एका नंबरात चार उड्डाणं बसतात, म्हणजे मध्ये एकदा विमान बदलून जाणं-येणं असेल तर माणशी एकच नंबर पुरतो. उड्डाणं चारपेक्षा जास्त असतील तर लागून पुढचा नंबर येतो, पण पहिले तीन आकडे तेच राहतात. एका माणसाच्या नावावर दोन कंपन्यांचे आकडे दिसले तर तिकिटं दोन आहेत, मग एजंट काहीही म्हणो.

नंबर मिळाला की एजंटची पीडीएफ बाजूला ठेवा आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा. सगळी उड्डाणं तिथे दिसायला हवीत. संपर्कात स्वतःचा फोन आणि ईमेल घाला. मी एवढं जरी केलं असतं तरी बदललेली वेळ तीन आठवडे आधी कळली असती. व्हीलचेअर प्रत्येक उड्डाणासमोर दिसते का तेही तिथेच बघा. नुसत्या "कन्फर्म्ड" वर जाऊ नका, कारण जागा धरून ठेवलेलं पण तिकीट न काढलेलं बुकिंगही कन्फर्म्ड दिसतं आणि मुदत संपली की आपोआप गळून पडतं. आणि पैसे कार्डाने द्या. वर चार्ज लागला तरी द्या. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दिलेले पैसे उलटे फिरवून, मागता येतो. मी ट्रान्सफर केले होते, त्यामुळे बँकेने पहिल्याच भेटीत हात वर केले.

परत आल्यावर दोन्ही कंपन्यांना बोर्डिंग पासच्या मागचे ते नंबर कळवून मी मूळ पावत्या मागवल्या. दोन्ही भाड्यांची बेरीज मी एजंटला दिलेल्या रकमेपेक्षा जवळपास पाचव्या हिश्श्याने कमी निघाली. "कनेक्शन प्रोटेक्शन" असं काही कुठल्याच पावतीत नाही. न वापरलेल्या उड्डाणांवरचे विमानतळ कर पुष्कळदा परत मिळतात, तेही मी मागितले. दुसऱ्या कंपनीचं उत्तर आलं की अर्ज ज्याने तिकीट काढलं त्या एजंटमार्फतच करावा लागेल. एजंट फोन उचलत नाही. त्या दोन पावत्या, वेळ बदलल्याच्या सूचनेची प्रत आणि त्याची "एकच तिकीट" लिहिलेली पीडीएफ जोडून मी पोलिसांत तक्रार दिली आहे. "समजा" तो फक्त फोनवर म्हणाला होता, त्या पीडीएफवर तसं काही लिहिलेलं नाही.