चांगला भाडेकरू: भाडं वाढवायचं की तेच ठेवायचं?

वेळेवर भाडं देणारा, नळ गळला तर स्वतःच वॉशर बदलणारा, शेजाऱ्यांची एकही तक्रार नसलेला भाडेकरू. करार संपत आलाय. भाडं वाढवावं का?

तेच ठेवण्यामागे नुसता चांगुलपणा नाही, गणितही आहे. समजा ५ टक्के वाढ मागितली आणि तो सोडून गेला. घर एकच महिना रिकामं राहिलं तरी वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ८ टक्क्यांहून जास्त, बुडाला. नव्या भाडेकरूने ती ५ टक्के वाढ दिली तरी तेवढा एक महिना भरून निघायला २० महिने लागतात. रंगकाम, दलाली वेगळी. आणि नवा माणूस कसा निघेल, हे किल्ली हातात दिल्यावरच कळतं.

वाढवण्याची बाजूही खोटी नाही. घरपट्टी, दुरुस्ती, विमा काही थांबत नाही. ५ वर्षं भाडं गोठवलं आणि बाजार दरवर्षी ५ टक्क्यांनी चढला, तर फरक जवळपास २८ टक्क्यांवर जातो. तो एकदम मागितला की चांगला भाडेकरू दुखावतो. (खरं तर तोच जास्त दुखावतो.)

माझा कल छोट्या वाढीकडे: बाजारापेक्षा थोडी कमी, दोन-तीन महिने आधी सांगून, करारात लिहिलेली. काही ठिकाणी कायद्यानेच वाढीला मर्यादा असते, ती आधी पाहावी. सोबत त्याने वर्षभर सांगितलेली एखादी दुरुस्ती उरकून टाकावी. भाडं आधीच बाजारभावाला टेकलं असेल, तर मात्र त्याला हात लावू नये.