पहिली एअर रायफल कुठून घ्यावी: जवळचं नवं दुकान, शहरातलं जुनं गन हाउस की कुरिअर?

मुलगा किंवा मुलगी नेमबाजीच्या रेंजवर जायला लागली, क्लबच्या सामायिक रायफलवर काही महिने काढले आणि कोचने ‘आता स्वतःची बघा’ म्हटलं, की घरात प्रश्न येतो: घ्यायची कुठून? सध्या तीन वाटा दिसतात. घराजवळ नुकतंच उघडलेलं एअरगनचं दुकान, शहराच्या जुन्या भागातलं पिढीजात गन हाउस, आणि कंपनीकडून किंवा मोठ्या विक्रेत्याकडून थेट कुरिअरने. बहुतेक पालक किंमत बघतात आणि नव्या दुकानाला इंटरनेटवर मिळालेले तारे मोजतात. त्या दोन्हींवरून निर्णय घेतला तर फसायला होतं. रायफल हाताला बसते का, आणि सहा महिन्यांनी बिघडली की उघडणार कोण, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत.

आधी कायद्याची रेषा, कारण तिथे चूक परवडत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपर्यंत (0.177 इंच) आणि ऊर्जा 20 ज्यूलपर्यंत असलेल्या एअरगनला वैयक्तिक परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की लागतो. म्हणजे 5.5 मिलिमीटरची रायफल, मग ती कितीही मवाळ असो, परवान्याशिवाय घ्यायची नाही. ‘सगळेच घेतात, काही होत नाही’ असं सांगणारा विक्रेता गल्लीतला असो की इंटरनेटवरचा, तिथून उठावं. बिल पालकाच्या नावाने करावं, ओळखपत्राची प्रत द्यावी लागते, आणि बिलावरचा क्रमांक नळीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते काउंटरवरच बघावं. रेंजवर नेताना त्या बिलाची प्रत रायफलच्या पेटीत असू द्यावी.

20 ज्यूलचा हिशेब दुकानदार क्वचितच सांगतो, म्हणून इथे देतो. छर्‍याचं वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा, नेहमीचा छर्रा 0.53 ग्रॅमचा. तो सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा होते 8 ज्यूलच्या आसपास, आणि दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला तेवढी पुरून उरते. तोच छर्रा 275 मीटरच्या वेगाला पोचला की 20 ज्यूल झाले. खोक्यावर ‘1000 फूट प्रतिसेकंद’ छापलेलं असतं, म्हणजे सुमारे 305 मीटर. 0.53 ग्रॅमने हा वेग खरंच मिळाला तर ऊर्जा 24 ज्यूलच्या वर जाईल आणि रायफल परवान्याच्या कक्षेत येईल. प्रत्यक्षात तो आकडा 0.30 ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छर्‍यावर काढलेला असतो आणि ऊर्जा 14 ज्यूलच्या आतच राहते. तेव्हा ‘पॉवर किती?’ या प्रश्नाला वेगाचा आकडा हे उत्तर नव्हे. कोणत्या वजनाच्या छर्‍यावर मोजला ते विचारा. ज्या दुकानात क्रोनोग्राफ (वेग मोजणारं यंत्र) आहे आणि तुमच्यासमोर दहा फैरी मोजून दाखवतात, त्या दुकानाचे निम्मे गुण तिथेच जमा.

नव्या दुकानाचे तारे

उघडल्यानंतरच्या महिन्याभरातले अभिप्राय साधारण एकाच सुरातले असतात: मालक बोलायला चांगले, सगळं हाताळू दिलं, दुकान चकाचक, किंमत वाजवी. हे खोटं नसतं, पण स्प्रिंगच्या (नळी वाकवून स्प्रिंग दाबायची आणि तिच्या जोरावर छर्रा सोडायचा अशा) रायफलबद्दल त्यातून काहीच कळत नाही. नव्या स्प्रिंग रायफलमध्ये कारखान्यातलं जास्तीचं तेल असतं. पिस्टनच्या दाबाने ते पेटतं, पहिल्या वीस-पन्नास फैरींना धूर आणि मोठा आवाज येतो, वेग वर-खाली होतो. दोनशे ते पाचशे छर्रे गेल्याशिवाय ती स्थिरावत नाही. पहिल्या आठवड्यात ‘जबरदस्त पॉवर’ लिहिणारा त्या जळणार्‍या तेलाचं कौतुक करत असतो, आणि ‘नेम लागत नाही’ लिहिणाराही तितकाच घाईत असतो. कामाचे अभिप्राय तीन-चार महिन्यांनंतरचे. त्यात ‘सील बदलून दिलं’, ‘स्क्रू ढिले होते, घट्ट करून दिले’, ‘कंपनीकडे पाठवावी लागली, इतके दिवस लागले’ अशी वाक्यं शोधा. एकच सविस्तर तक्रार आणि तिला दुकानदाराने दिलेलं नेमकं उत्तर यांतून वीस तार्‍यांपेक्षा जास्त कळतं.

‘सगळं हाताळू दिलं’ या कौतुकाची दुसरी बाजूही आहे. काउंटरवरची रायफल प्रत्येक जण नळी वाकवून कॉक करतो (स्प्रिंग दाबून अडकवतो) आणि छर्रा न घालता ट्रिगर ओढतो. स्प्रिंगच्या रायफलला हे सोसत नाही. छर्‍यामुळे पिस्टनसमोर हवेची गादी तयार होते. छर्रा नसेल तर हवा मोकळी निघून जाते, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो, सील चेपतं आणि पुढे स्प्रिंगही तडकते. त्याहून वाईट म्हणजे कोणी नळी वाकवलेल्या अवस्थेत ट्रिगर ओढला तर नळी झटक्याने वर येऊन कायमची वाकते, मध्ये बोट असेल तर बोटही जातं. शोपीस बघायला ठीक, घ्यायची ती बंद खोक्यातलीच. ‘शेवटचा पीस आहे, हाच घ्या, सूट देतो’ याला नाही म्हणावं.

हे सगळं असूनही पहिल्या खरेदीला नव्या दुकानाची बाजू जड आहे. कारण मापं. दस्त्याची लांबी बघायची तर कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरपर्यंत सहज पोचलं पाहिजे. गाल टेकवल्यावर मान न वाकवता डोळा साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) रेषेत यायला हवा. दहा मीटर रायफलला नियमाने 5.5 किलोपर्यंत वजन चालतं, पण बारा वर्षांच्या मुलाला तेवढं वजन उभ्याने पेलत नाही. तो पाठ मागे मोडून तोल सांभाळतो आणि ती सवय पुढे कोचला महिनोन्महिने काढत बसावी लागते. साडेतीन-चार किलोची रायफल दोन मिनिटं खांद्याला लावून उभं करा, कंबर कुठे जाते ते दिसेल. डावखुर्‍या मुलांसाठी तर हाताळून बघण्याला पर्यायच नाही. पिस्तुलाचंही तसंच: ग्रिप लहान-मध्यम-मोठी अशा मापांत येते, आणि हाताळल्याशिवाय मागवलेली ग्रिप कानशीने घासत बसावी लागते.

नव्या दुकानात दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला, ‘स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का?’ रायफलमधली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती साधनाशिवाय सोडली तर मागची टोपी गोळीसारखी सुटते. कॉम्प्रेसर नसेल तर हे दुकान फक्त विकतं, दुरुस्ती कंपनीकडे जाणार. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण वेळ कोणाचा जाणार ते आधी ठरवून घ्या. दुसरा प्रश्न, ‘पिस्टन सील, ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाचं) आणि मेन स्प्रिंग या मॉडेलची आज दुकानात आहेत का?’ ‘मागवून देऊ’ म्हणजे नाहीत.

जुनं गन हाउस

इथला कारागीर हा खरा ऐवज. नळी आणि ब्रीच यांच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून फैर झाडायची आणि पट्टी फडफडली तर हवा गळते हे ओळखायचं, अशा साध्या परीक्षा तो पाच मिनिटांत उरकतो. सुटा भाग बाजारात नसेल तर लेथवर करून देतो. स्प्रिंग, सील, ट्रिगरची खीळ यांचं काम असेल तर आम्ही डोळे मिटून इथे पाठवू.

विकत घेताना मात्र सावध. या दुकानांचा पोटापाण्याचा धंदा बारा बोअरच्या बंदुका आणि 0.32 इंची रिव्हॉल्व्हर-पिस्तुलं यांच्या परवानाधारकांवर चालत आला आहे, स्पर्धेची नेमबाजी तिथे पाहुणी. त्यामुळे माल जुना निघतो. शिशाच्या छर्‍यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती डबी घेऊ नये. ती भुकटी विषारी असते आणि तसा छर्रा नळीत एकसारखा बसत नाही. शिवाय ‘जरा लांब स्प्रिंग टाकून देतो, पॉवर वाढेल’ ही सूचना इथे हमखास होते. तिचा परिणाम म्हणजे धक्का वाढतो, नेम बिघडतो, सील लवकर जातं, आणि 20 ज्यूलची रेषा ओलांडली तर कायद्याची अडचण ती वेगळीच.

दाबलेल्या हवेवर चालणार्‍या मॅच रायफलला जुना माल आणखी महागात पडतो. तिचा हवेचा सिलिंडर साधारण 200 बार दाबाचा असतो आणि त्याची मुदत बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं. आंतरराष्ट्रीय नियमांत ही तारीख सांभाळण्याची जबाबदारी खेळाडूची. चार वर्षं फडताळात पडलेली रायफल नवीच आहे, पण सिलिंडरची चार वर्षं तुम्ही घेण्याआधीच संपली. सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा आणि उरलेल्या वर्षांवर किंमत पाडून घ्या. वापरलेल्या मॅच रायफलला हा नियम दुप्पट कडकपणे लावा, कारण नव्या सिलिंडरचा खर्च किरकोळ नसतो.

कुरिअर

छर्रे, टार्गेटचे कागद, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट), सुटे भाग, किंवा एकदा हाताळून पक्कं केलेलं मॉडेल यांच्यासाठी ही वाट उत्तम. निवड जास्त असते आणि भावही बरा. छर्रे मागवताना तीन गोष्टी लिहून द्या: सपाट डोक्याचे, कारण कागदात कडा स्वच्छ कापतात आणि गुण वाचता येतात, डोक्याचा व्यास, 4.49 की 4.50, आणि सगळ्या डब्या एकाच लॉटच्या. प्रवासात डबी आपटली की छर्‍यांचा मागचा पातळ घेर चेपतो. डबी आल्यावर वरच्या थरातले दहा-वीस छर्रे उजेडात फिरवून बघा.

पहिलीच रायफल कुरिअरने मागवणं मात्र आम्हाला पटत नाही. माप चुकलं तर परत पाठवायची कोणी? आपटून साइट हलली तर नवशिक्याला वाटतं आपलाच नेम चुकतोय, आणि तो आठवडाभर श्वासावर मेहनत घेतो. शिवाय परतीची अट बहुधा ‘न वापरलेली’ अशी असते, आणि दोष तर वापरल्याशिवाय दिसत नाही. मागवायचीच असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि दस्त्याचे स्क्रू लगेच तपासा.

हवा कोण भरणार?

मॅच रायफल घेणार्‍यांचा निर्णय खरं तर इथेच व्हावा. हातपंपाने 200 बार गाठता येतात, पण दमछाक होते, आणि ठाणे-मुंबई-कोकणाच्या दमट हवेतलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. आतून गंज, झडपेत ओल, मग वेग डळमळीत. कोरडी हवा देणारा मोठा 300 बारचा सिलिंडर किंवा हवेचा कॉम्प्रेसर जवळच्या रेंजवर असेल तर प्रश्न मिटला. नसेल आणि नव्या दुकानात ती सोय असेल, तर थोडी जास्त किंमत देऊनही तिथूनच घ्यावी. भरण्याची पद्धत मात्र बघून घ्या. झडप हळूहळू उघडायला हवी. घाईने भरलं की हवा तापते, काटा 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. सांध्यांना खनिज तेल किंवा साधं ग्रीस लावणार्‍याच्या हातात सिलिंडर देऊ नका, दाबाखाली ते पेटू शकतं. सिलिकॉन ग्रीसच हवं. आणि ऑक्सिजन कधीही नाही.

परवान्याचं शस्त्र असलेल्यांनी नव्या दुकानात आणखी एक गोष्ट विचारावी: त्यांच्या परवान्यात शस्त्र सुरक्षित ठेवून घेण्याची मुभा आहे का? निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश आला की पोलीस ठाण्याशिवाय हा दुसरा पर्याय असतो. जुन्या गन हाउसेसना याची सवय आहे, नव्यांपैकी काहींकडे फक्त एअरगनचा माल असतो.

मग कोणी काय करावं? ओपन साइट (साध्या खाचेची) किंवा पीप साइटच्या शालेय स्पर्धांपुरती स्प्रिंग रायफल हवी असेल तर जवळचं नवं दुकान, बंद खोकं, आणि दुरुस्तीसाठी गन हाउसचा नंबर जवळ. पिस्तूल असेल तर ग्रिप हातात धरल्याशिवाय पैसे देऊ नका. स्पर्धेत ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा जोर लागला पाहिजे, तेव्हा दुकानात ट्रिगर तोलायचं वजन असेल तर तिथेच उचलून बघा. दोन लाखांच्या पुढची मॅच रायफल घ्यायची असेल तर आधी कोचबरोबर रेंजवरच्या दोन-तीन वेगवेगळ्या रायफली वापरून दस्ता आणि वजन ठरवा, मगच भाव काढा. विक्रेता तिघांपैकी कोणीही असो, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सिलिंडरवरच्या तारखेचा आणि नळीवरच्या क्रमांकाचा फोटो मागवा.

खरेदीची वेळही साधा. स्पर्धेच्या आठवडाभर आधी घेतलेली स्प्रिंग रायफल तेव्हा अजून धूरच काढत असते. दुकानाने बदलून देण्याची मुदत पंधरा दिवसांची ठेवली असेल तर पहिल्या आठवड्यातच रेंजवर दोनशे छर्रे झाडून टाका. मग टेकू देऊन पाच-पाच छर्‍यांचे चार गट काढा, त्या कागदांवर तारीख घाला आणि बिलाबरोबर जपून ठेवा. गट पसरलेले दिसले तर दुकानात तेच कागद दाखवता येतात.