मॉड्यूलच्या डोक्यावरचा 'लेट' ठेवायचा की फॅक्टरी लिहायची?

जावास्क्रिप्टच्या फाइलच्या (म्हणजे मॉड्यूलच्या) वरच्या ओळीत लेट लावून रिकामा कार्ट ॲरे ठेवायचा, खाली 'टाका' आणि 'काढा' अशी दोन फंक्शनं एक्स्पोर्ट करायची, झालं काम. आम्हीही तेच केलं होतं आणि ब्राउझरमध्ये वर्षभर एकही तक्रार आली नाही. मग तोच कोड सर्व्हरवर पान रेंडर करायला घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईंचा फोन आला: "माझ्या कार्टमध्ये हे पुरुषांचे बूट कुणी टाकले?"

मॉड्यूल एकदाच चालतं. पुढे दहा फायलींनी इम्पोर्ट केलं तरी सगळ्यांच्या हातात तीच प्रत येते. ब्राउझरमध्ये प्रत्येक टॅबची प्रत वेगळी, त्यामुळे चूक झाकली जाते. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या एका प्रोसेसमध्ये मात्र सगळी गिऱ्हाइकं एकाच ॲरेत वस्तू टाकतात. लेटचं कॉन्स्ट केल्यानेही सुटका नाही. त्या नावाला दुसरा ॲरे देता येत नाही एवढंच, आहे त्यात पुश बिनदिक्कत चालतं.

तरी मॉड्यूलमधली स्टेट, म्हणजे तिथे साठवलेली माहिती, सरसकट वाईट नाही. डेटाबेसचा कनेक्शन पूल, कॉन्फिग, लॉगर तिथेच शोभतात. फक्त 'एकच प्रत' यावर फार विसंबू नका. नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये एकाच पॅकेजच्या दोन आवृत्त्या आल्या, किंवा तेच पॅकेज एकाने जुन्या पद्धतीने रिक्वायर आणि दुसऱ्याने इम्पोर्ट केलं, तर गुपचूप दोन प्रती होऊ शकतात. टेस्टमध्येही हीच कटकट: टेस्ट चालवणारं जेस्ट प्रत्येक टेस्ट फाइलला कोरं मॉड्यूल देतं, पण त्याच फाइलमधली पहिली टेस्ट दुसरीसाठी खरकटं ठेवून जाते.

फॅक्टरी म्हणजे बोलवाल तेव्हा नवी प्रत बनवून देणारं फंक्शन. त्यात तीच फंक्शनं 'नवीनकार्ट' नावाच्या फंक्शनच्या पोटात जातात, ॲरेसकट. प्रत्येक रिक्वेस्टला ते बोलवायचं आणि मिळालेलं कार्ट पुढे द्यायचं. टेस्ट तर दोन ओळींत होते. त्रास एकच, ते कार्ट हातोहात खाली पोचवावं लागतं. तीन फंक्शनांपर्यंत ठीक, सातव्याला कंटाळा येतो.

त्या कंटाळ्यावर नोडमध्ये 2020 पासून एसिंकलोकलस्टोरेज आहे. रिक्वेस्टच्या सुरुवातीला काहीतरी ठेवा आणि अवेटच्या कितीही पायऱ्या उतरून वाचा. सोय मोठी, पण फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर बघून ते कशावर अवलंबून आहे हे कळत नाही, आणि ब्राउझरमध्ये हे मिळत नाही. मी त्यात रिक्वेस्ट आयडी ठेवतो, लॉगपुरता. कार्ट ठेवणार नाही.

ठरवताना मी एकच बघतो: रिक्वेस्ट संपली की ही गोष्टही संपायला हवी का? हवी असेल तर फॅक्टरी, नाहीतर मॉड्यूल. कोड फक्त ब्राउझरमध्येच चालणार असेल तर घाई नाही, पण सर्व्हर रेंडरिंगचा विषय निघालाय असं ऐकलंत तर आधी फायलींच्या डोक्यावरचे लेट शोधा. आम्ही शोधले तेव्हा कार्टशिवाय आणखी एक सापडला. त्यात निवडलेली भाषा होती, म्हणजे कुणीतरी मराठी निवडली की पुढच्याचं पानही मराठीत. त्याची तक्रार मात्र कुणीच केली नव्हती.