जुन्या फायबर होडीवर नवं फोर-स्ट्रोक इंजिन: आठ महिने, ६८ तास

दसऱ्यानंतर बसवलं, मृग लागता लागता उतरवलं. मधल्या काळात ६८ तास चाललं, बहुतेक रविवारचे. होडी १४ फुटी, फायबरची, अण्णांनी १९९४ साली घेतलेली. ती असते नर्मदाकाठी चांदोदला, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात. इंजिन जपानी, २० हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, फ्युएल इंजेक्शनचं, बॅटरीशिवाय दोरीने चालू होणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो त्रास झाला त्यातला बराचसा माझा आणि होडीचा होता.

आधी २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदेचं पाणी चांदोद-करनाळीत शिरलं, तेव्हा होडी बांधल्या जागीच बुडाली, इंजिनासकट. गाळ काढून, धुऊन, बेअरिंग बदलून वर्षभर ओढलं. मग एकदा ओरसंग नदीच्या संगमापाशी अर्ध्या पाण्यात जे बंद पडलं ते पडलंच. वल्ही मारत घाटाला लागेपर्यंत नवं घ्यायचं ठरलं होतं.

आता मुद्दा. जुन्या फायबर होडीवर नवं इंजिन घ्यायचं असेल, तर शोरूमच्या आधी हातोडी हातात घ्या. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, त्या ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं आणि बाहेरून फायबरचं कातडं. जुन्या बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं, आत लाकूड कुजतं आणि बाहेरचा रंग झकास दिसत राहतो. मी हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलो. वर टक टक, आणि खालच्या अर्ध्यात ओल्या पोत्यावर ठोकल्यासारखा आवाज. ड्रिल मारलं तर तपकिरी चिखल बाहेर आला. या फळीवर आमचं इंजिन इतकी वर्षं लटकत होतं आणि आम्ही पोराबाळांना घेऊन त्यात बसत होतो.

दुरुस्ती बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) ॲसिडच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराने केली. होडी त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हाताळली. "टाकीत पाणी आत ठेवायचं, इथं बाहेर ठेवायचं, एवढाच फरक," म्हणाला. आतलं कातडं कापून कुजका माल खरवडला. बाहेरचं तसंच ठेवलं, म्हणजे आकार बिघडत नाही. १८ मिलिमीटरचे दोन थर, आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, इपॉक्सी रेझिनने चिकटवून वर काचतंतूंचे थर. त्याला नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिननेच काम उरकायचं होतं, पण जुन्या फायबरला इपॉक्सी जास्त धरतं म्हणून मी हट्ट धरला. दुसरा हट्ट बोल्टच्या भोकांचा. भोकं मुद्दाम मोठी पाडायची, इपॉक्सीने पूर्ण भरायची, सुकल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. मग उद्या सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. या सगळ्यात पाच आठवडे गेले. बायको म्हणाली, एवढ्यात मुलीचं लग्न उरकलं असतं.

शाफ्टच्या, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, मापात मात्र मी गाफील राहिलो. विक्रेत्याने लाँग शाफ्ट, म्हणजे २० इंची, पाठवलं. माझ्या फळीला १५ इंची लागतं. बदलून घ्यायला तीन आठवडे आणि दोन भांडणं लागली. फळीच्या वरच्या काठापासून होडीच्या तळापर्यंत टेपने स्वतः मोजा. पंख्याच्या वर असलेली आडवी प्लेट तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला हवी.

पहिल्याच दिवशी घाटावरच्या नावाडीकाकांनी विचारलं, "भाई, चालू छे के बंध?" इतका आवाज कमी. धूर नाही, पेट्रोलमध्ये तेल कालवायची कटकट नाही. वजन ४४ किलो, मल्हारराव घाटाच्या पायऱ्या दोन माणसं धापा टाकत का होईना चढवतात. ज्या फेरीला पूर्वी नऊ लिटर जायचं तिला आता साडेपाच लागतं. हळू चालवताना मात्र दोन सिलिंडरांची थरथर टिलरमधून, म्हणजे होडी वळवायच्या दांड्यातून, कोपरापर्यंत येते. अर्ध्या तासाने हात बदलावा लागतो.

पंख्याचंही सांगायला हवं. सोबत आला तो १० पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात हिशेबाने दहा इंच पुढे सरकणारा. होडीत चौघं बसलो की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे मिनिटाला ५१०० च्या वर जाईनात, पुस्तकात ५३०० ते ६३०० लिहिलंय. प्लगच्या वायरला गुंडाळायचं फेरे मोजणारं स्वस्तातलं टॅकोमीटर लावल्यामुळे कळलं, नाहीतर मी इंजिनालाच शिव्या देत बसलो असतो. ८ पिचचा लावल्यावर ५५०० मिळाले. एकट्याने गेलं की वेग थोडा कमी वाटतो, चालेल.

नर्मदेत चालवणाऱ्यांसाठी खास. एक तर रेती. ओरसंगच्या तोंडाशी पाणी उथळ, आणि वर धरणातल्या वीजघराच्या कमी-जास्तीप्रमाणे पातळीही बदलते. सकाळी जिथून गेलात तिथे दुपारी पंखा वाळू उपसतो. ती वाळू इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपातून जाते आणि त्यातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, खाते. त्या पाण्याची जी धार मागून पडते ती ४० तासांनंतर बारीक झाली, उघडलं तर इम्पेलरच्या पात्या झिजलेल्या. दुसरं म्हणजे निर्माल्य. चांदोदला पितृकार्याला येणाऱ्यांची गर्दी. हार, धोतराच्या चिंध्या, लाल नाडे, सगळं पाण्यात. (आमचीही कार्यं तिथेच झालीत, तेव्हा कुणाला बोलणार?) नाडा पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जातो, सील कापतो आणि गिअरबॉक्समध्ये पाणी शिरतं. जानेवारीत गिअर ऑइल काढलं तर चहाच्या रंगाचं, दुधासकट. सील बदललं. आता दर दोन-तीन फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

एक चूक नावाडीकाकांची, पण सांगितलं नव्हतं म्हणून माझीच. फोर-स्ट्रोक उतरवून आडवं ठेवायचं ते ठरलेल्या एकाच कुशीवर. काकांनी सवयीने दुसऱ्या कुशीवर टाकलं, इंजिनाच्या तळातलं (क्रँककेसमधलं) तेल सिलिंडरमध्ये गेलं, आणि पुढच्या रविवारी घाटावर पांढऱ्या धुराचा उत्सव. कोणती बाजू ते इंजिनावरच चित्र काढून दाखवलेलं असतं. मी वर लाल रंगाने मोठा बाणही काढलाय.

पेट्रोलची धास्ती राहिलीच आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि माझ्या इंजिनाचं पुस्तक १० च्या पुढे जाऊ नका म्हणतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. म्हणून लागेल तेवढंच भरतो, उरलेलं स्कूटरमध्ये ओततो, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलाय. जुनी रबरी नळी आठ महिन्यांत मऊ पडली, तीही बदलली.

आणि मिस्त्री. बडोद्यात हे इंजिन उघडणारा मला अजून मिळालेला नाही. २० तासांनंतरचं पहिलं ऑइल, प्लग, इम्पेलर सगळं स्वतःच केलं, पुस्तक मांडीवर ठेवून.

काल उतरवून वाड्याच्या ओसरीत लाकडी घोडीवर लावलं. आता चार महिने विश्रांती. गिअर ऑइल काढताना खाली स्टीलची वाटी धरली होती. या वेळी मधासारखं आलं, स्वच्छ. वाटी मात्र स्वयंपाकघरातली होती.