पेशीचा मऊपणा मोजताना: टोकदार सुई की गोल मणी?

एएफएमने (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप, म्हणजे लवचीक पट्टीच्या टोकाने नमुना दाबून पाहणारं उपकरण) जिवंत पेशी किती मऊ आहे हे मोजायचं, तर पहिला निर्णय टोकाचा. सिलिकॉन नायट्राइडच्या टोकदार सुईची त्रिज्या साधारण २० नॅनोमीटर. त्यामुळे पेशीच्या पटलाखालचे, तिचा आतला सांगाडा बनवणारे अ‍ॅक्टिनचे धागेसुद्धा नकाशात उठून दिसतात. पण तेवढ्याशा जागेवर दाब प्रचंड येतो. पटल फाटू शकतं, आणि सुई नेमकी धाग्यावर टेकली की शेजारच्या बिंदूपेक्षा आकडा कितीतरी वर जातो.

गोल मण्याची त्रिज्या काही मायक्रोमीटर. बल पसरतं आणि हर्ट्‌झचं (बल आणि दाबाची खोली यांवरून कडकपणा काढणारं) समीकरण ज्या गृहीतकांवर उभं आहे ती बऱ्यापैकी पाळली जातात. बारकावे मात्र हरवतात. शिवाय पेशीच्या पातळ कडेला खालच्या काचेचा कडकपणा लवकर जाणवतो; म्हणून केंद्रकाच्या वरच्या जाड भागावर मोजलेलं बरं.

एकाच पेशीवर सुई बहुधा मण्यापेक्षा जास्त कडकपणा दाखवते. त्यामुळे टोकाचा आकार न सांगता दिलेला किलोपास्कलचा आकडा मला अपुराच वाटतो. पेशींच्या दोन गटांची तुलना करायची असेल तर मी मणीच निवडेन. आतला सांगाडा पाहायचा असेल तर सुई घ्यावी, फक्त कॅन्टिलिव्हर (टोक धरणारी लवचीक पट्टी) मऊ हवा, ०.०१ ते ०.१ न्यूटन प्रति मीटरचा.