मामाचा जुना आयपॉड आणि उबुंटूवरचं रिदमबॉक्स

मामाने त्याचा जुना आयपॉड मला दिला, २००५ला आलेलं व्हिडिओवालं मॉडेल, ३० जीबीचं. ज्या मॅकवरून तो गाणी भरायचा तो कधीच भंगारात गेला, म्हणजे आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आता फक्त ह्या एवढ्याशा डबीत राहिलंय. आधी मी दुसऱ्या एका प्रोग्रॅमला जोडून बघितला तर तो विचारतो, हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीचा आहे, सगळं पुसून नव्याने सिंक करू का? छातीत धस्स झालं, कॅन्सल केलं आणि आधी केबल काढली.

मग माझ्या लॅपटॉपवर उबुंटू (म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजच्या जागी चालतो) आहे, त्यावर रिदमबॉक्स उघडलं, गाणी वाजवायचा आणि सांभाळायचा प्रोग्रॅम, जो फुकट आहे. डाव्या बाजूला आयपॉड दिसला, क्लिक केलं आणि आतलं सगळं नावानिशी समोर. नुसते फोल्डर उघडून बघाल तर काही कळत नाही हो, गाणी एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत विखुरलेली आणि फाइलला चार अक्षरांचं काहीतरी बिनअर्थाचं नाव. खरं नाव फाइलच्या आत टॅगमध्ये असतं आणि सगळ्यांची यादी आयट्यून्सडीबी नावाच्या फाइलमध्ये, म्हणूनच पेनड्राइव्हसारखं कॉपी-पेस्ट केलं तर गाणं आयपॉडवर जातं पण दिसत नाही, यादीत नोंदच नाही ना. रिदमबॉक्सला ही यादी वाचता येते आणि लिहिताही येते. पहिल्यांदा "आजी ओव्या २" लावलं, जात्याची घरघर आणि मध्येच तिचा खोकला. सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि एक कॉपी मामेबहिणीलाही दिली.

आता नवीन गाणी भरायची तर इथे गोची झाली. आयपॉड मॅकवर फॉरमॅट केलेला, तो लिनक्सला वाचता येतो पण सहसा त्यावर लिहिता येत नाही. सोपा उपाय म्हणजे विंडोज असलेल्या लॅपटॉपवर आयट्यून्स या ॲपलच्या प्रोग्रॅममधून रीस्टोअर करायचा, म्हणजे तो फॅट३२ (लिनक्सला लिहिताही येतं असा फॉरमॅट) होतो. यात आतलं सगळं जातं, त्यामुळे बॅकअप आधी, रीस्टोअर नंतर, हा क्रम अजिबात उलटा करू नका.

त्यानंतर मात्र मस्त चालतंय. माझ्या नाट्यसंगीताच्या सीडी मी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवल्यात, आयपॉडला फ्लॅक वाजवता येत नाही, पण गाणी ओढून आयपॉडवर टाकली की रिदमबॉक्स जाता जाता एमपीथ्री करून टाकतं, मूळ फाइलला हात लावत नाही (त्यासाठी एमपीथ्री बनवायला लागणारं कोडेकचं पॅकेज उबुंटूवर आधी टाकून घ्या). वेळ लागतो हे खरं, शंभरेक गाणी असतील तर लावून द्या आणि जेवून या. ऑटो सिंकचा पर्याय पण आहे, पण जे निवडलेलं नाही ते तो आयपॉडवरून काढून टाकतो, म्हणून मी तो बंदच ठेवलाय आणि हाताने ओढून टाकते. प्लेलिस्टही जातात. आयपॉड टच किंवा आयफोन असेल तर मात्र याच्या भरवशावर राहू नका, हे बोटाने फिरवायच्या गोल चकतीवाल्या जुन्या आयपॉडसाठीच.

आणि इजेक्ट केल्याशिवाय केबल काढू नका प्लीज. यादी शेवटी लिहिली जाते, मध्येच उपटलं तर गाणी जागा खातात पण मेनूत सापडत नाहीत, माझी एकदा अख्खी भजनांची प्लेलिस्ट अशीच पुन्हा भरावी लागली.