माउस पुरेल की पेन टॅब्लेट घ्यायचा?

दिवसभर कोरलमध्ये (कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर) पत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि फ्लेक्स एवढंच काम असेल, तर पेन टॅब्लेटवर, म्हणजे संगणकाला जोडून पेनने रेघ काढायच्या पाटीवर, पैसे घालू नका. तेवढ्या पैशात रॅम वाढवा, काम जास्त हलकं होईल. फोटो स्टुडिओचं अल्बम डिझाइन, चेहऱ्याचं टचिंग, हाताने काढलेली अक्षरं किंवा चित्रं हे काम येत असेल, तर मात्र माउसवर अडून बसणं म्हणजे रोजचा वेळ वाया घालवणं.

आधी फरक कुठे आहे ते पाहू. माउस उचलून दुसरीकडे ठेवला तरी कर्सर जागचा हलत नाही. टॅब्लेटची पाटी म्हणजे स्क्रीनचा नकाशा: पेन वरच्या डाव्या कोपऱ्यात नेला की कर्सरही त्याच कोपऱ्यात. पहिले आठ-दहा दिवस हात चुकतो तो यामुळेच, कारण नजर स्क्रीनवर आणि हात खाली. कंटाळून सेटिंगमध्ये पेनला ‘माउस मोड’ लावणारे बरेच असतात. तो लावला की टॅब्लेट घेण्याचं कारणच संपतं. ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात, ज्यांचा हात कागदावर बसलेला आहे, त्यांना हे लवकर जमतं.

पत्रिकेच्या कामात हात सारखा कीबोर्डवर जातो. मजकूर टाइप करा, ओळ सरकवा, अलाइन करा, परत टाइप करा. दर वेळी पेन खाली ठेवायचा आणि उचलायचा, हा जाच आहे. झूमला माउसचं चाक असतं, साध्या पेनला ते नसतं. शंभर शुभेच्छुकांच्या फोटोंचा वाढदिवसाचा फ्लेक्स असला तरी फोटो ओळीत बसवायला माउसच चपळ.

पण त्याच फ्लेक्सवरच्या मुख्य फोटोचं कटिंग घ्या. शर्टाची कड, खांदा, फेटा हे फोटोशॉपमधल्या ‘पेन टूल’ने (कड आखायचं साधन, टॅब्लेटचा पेन नव्हे) माउसवर स्वच्छ निघतं. केसांपाशी घोडं अडतं. फोटोशॉपमध्ये सिलेक्शन करून मास्क (नको तो भाग झाकणारा थर) लावा, ब्रश ३ ते ५ पिक्सेल, ब्रशच्या ‘शेप डायनॅमिक्स’ सेटिंगमध्ये साइझचा कंट्रोल ‘पेन प्रेशर’वर. मग केसाच्या मुळापासून दाब देऊन सुरुवात करायची आणि टोकाकडे जाता जाता पेन उचलत न्यायचा. बट आपोआप निमुळती होते. हेच माउसने केलं तर प्रत्येक केस सारख्याच जाडीचा येतो आणि डोक्यावर केरसुणी ठेवल्यासारखं दिसतं. त्वचेच्या टचिंगचंही तसंच: ओपॅसिटी (ब्रशचा गडद-फिकेपणा) दाबावर सोडली की दर मिनिटाला स्लायडरकडे पळावं लागत नाही.

आता उलट उदाहरण, रेडियम कटिंगचं. इथे टॅब्लेट नुकसान करू शकतो. गोल काढायला कोरलमध्ये चार नोड (रेघ बांधणारे बिंदू) पुरतात. तोच गोल पेनने फ्रीहँड काढला की हाताचा प्रत्येक थरकाप नोड होऊन बसतो. प्लॉटरचं, म्हणजे कटिंग मशीनचं, ब्लेड अशा नोडच्या गर्दीत अडखळत वळतं, कड दातेरी येते आणि बारीक अक्षराचं रेडियम कोपऱ्यात उचकटतं. म्हणून कटिंगची फाइल बेझिअर टूलने माउसवरच बांधा. पेनने काढायचीच असेल तर फ्रीहँड स्मूदिंग जास्त ठेवा आणि शेप टूलने नोड कमी केल्याशिवाय मशीनला देऊ नका. एम्ब्रॉयडरीच्या फाइलमध्ये टाक्यांचे बिंदू एकेक क्लिक करून ठेवतानाही माउसच सोयीचा.

पैठणच्या विणकामासाठी बुट्टी तयार करणाऱ्यांना दोन्ही लागतात. मोराच्या मानेचा बाक, आसावलीची वेल यांचं कच्चं रेखाटन पेनने होतं तसं माउसने होत नाही. पण ते शेवटी ग्राफच्या घरांत बसवायचं असतं, आणि तिथे १ पिक्सेलची पेन्सिल घेऊन एकेक घर भरायला दाबाचा काही उपयोग नाही.

अक्षरांसाठी एक गोष्ट लक्षात घ्या. बऱ्याच स्वस्त टॅब्लेटना पेनचा तिरपा कोन कळत नाही, फक्त दाब कळतो. त्यामुळे बोरूसारखं जाड-बारीक हवं असेल तर दाबावर विसंबू नका. फोटोशॉपमध्ये चपटा ब्रश करा: राउंडनेस १५-२० टक्के, अँगल ४५ अंश, साइझवरचा पेन प्रेशर बंद. एक ‘क’ काढून पाहा. जाड-बारीक उलट्या बाजूला पडलं तर ४५ च्या आधी उणे चिन्ह द्या. माउसवाल्यांसाठीही एक सोय कोरलमध्ये आहे, ती फार जण वापरत नाहीत: आर्टिस्टिक मीडिया टूलच्या प्रेशर (नव्या आवृत्त्यांत ‘एक्स्प्रेशन’) प्रकारात रेघ ओढताना वरची-खालची अॅरो की दाबली की जाडी बदलते. चार-दोन अक्षरांची कामं तेवढ्यावर निघतात.

घ्यायचाच ठरला तर केवढा? लहान पाटीचं कामाचं क्षेत्र साधारण १५२ × ९५ मिमी असतं, मधल्या आकाराचं २१६ × १३५ मिमी. २४ इंची मॉनिटर सुमारे ५३ सेमी रुंद. म्हणजे लहान पाटीवर हात १ मिमी हलला की कर्सर साडेतीन मिमी जातो, मधल्या पाटीवर अडीच. लॅपटॉपला लहान पाटी पुरते, मोठ्या मॉनिटरवर चित्रं काढणाऱ्याने मधली घ्यावी. २०४८ की ८१९२ प्रेशर लेव्हल, यावर दुकानदार फार बोलतो. हाताला तो फरक जाणवत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला रेघ उमटवतो, ते दुकानातच तपासा. लहान पाटी त्यामानाने स्वस्त मिळते. स्क्रीनवाला टॅब्लेट त्याच्या कितीतरी पट महाग असतो, पहिलाच म्हणून तो घेऊ नये.

जोडल्यावर पहिलं काम ‘फोर्स प्रपोर्शन्स’ हे पाटी आणि स्क्रीनचं प्रमाण जुळवणारं सेटिंग चालू करणं. पाटी बहुधा १६:१० ची आणि मॉनिटर १६:९ चा असतो. हे बंद राहिलं तर हाताने अचूक गोल काढूनही स्क्रीनवर तो सुमारे ११ टक्के आडवा पसरतो, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. विंडोजमधलं पेन दाबून धरल्यावर राइट क्लिक होणं बंद करा, नाहीतर रेघ सुरू होण्याआधी गोल चक्र उमटून थांबायला होतं. पेन प्रेशरसमोर उद्गारचिन्हाचा त्रिकोण दिसला तर फोटोशॉपला पेन सापडलेला नाही: टॅब्लेटच्या सेटिंगमधलं ‘विंडोज इंक’ चालू-बंद करून बघा, आणि आधी दुसऱ्या कंपनीचा टॅब्लेट होता तर त्याचा ड्रायव्हर काढून मशीन रीस्टार्ट करा.

रेघ आपोआप थरथरत असेल तर लगेच वॉरंटीला धावू नका. आपल्याकडे बऱ्याच दुकानांत लोखंडी टेबल असतं. पाटी थेट पत्र्यावर ठेवली की सिग्नल बिघडू शकतो, खाली जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी घाला. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थरथर थांबली, तर दोष अर्थिंगचा असू शकतो. वायरमन बोलवा.

उन्हाळ्यात तळहाताला घाम सुटून हात पाटीला चिकटतो आणि रेघ अडते. दोन बोटांचा हातमोजा मिळतो तो घाला. फुफाटा उडणाऱ्या रस्त्यावर दुकान असेल तर पाटी रोज किंचित ओलसर कपड्याने पुसा. धुळीवर पेनचं टोक घासलं की पाटीवर ओरखडे पडतात आणि टोकही लवकर झिजतं. टोक एका बाजूने धारदार झालं की लगेच बदला, बहुतेक टॅब्लेटसोबत जादा टोकं येतात.

जुना टॅब्लेट स्वस्तात मिळत असेल तर तीन गोष्टी बघा: केबल हलवली की कनेक्शन तुटतं का, पाटीच्या चारही कोपऱ्यांत रेघ सलग येते का, आणि पेन त्याच मॉडेलचा आहे का. एका मालिकेचा पेन दुसऱ्यावर चालेलच असं नाही, आणि एकटा पेन नवा घ्यायचा म्हटलं तर स्वस्तातल्या टॅब्लेटची सगळी बचत त्यातच जाते.